नकाशांची सरक आणि बांधाचा हिशेब

एका नकाशावर दुसरा नकाशा ठेवावा आणि दोहोंतील नदी, रस्ता व शीव एकमेकांवर बसू नयेत, ही अडचण आजवर सर्वेक्षण खात्यातील मूठभर जाणकारांपुरती होती. आता ती तहसील कचेरीत, बँकेत आणि भूसंपादनाच्या नोटिशीत येऊन बसली आहे. राज्य शासनाच्या महाभूनकाशा या सेवेतून गावनकाशे घरबसल्या पाहता येतात. २०२१ पासून ई-पीक पाहणीच्या निमित्ताने शेतकरी स्वतःच्या शेतात उभा राहून पिकाचे छायाचित्र स्थानासह नोंदवितो. रस्त्यांचे आराखडे उपग्रहाच्या चित्रावर आखले जातात. हा बदल स्वागतार्ह आहे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. परंतु परभणी जिल्ह्यासारख्या प्रदेशात, जेथे जमिनीचे दप्तर एका राजवटीतून दुसरीत आणि एका लिपीतून दुसरीत गेले, तेथे संगणकाच्या पडद्यावर एकत्र आलेले नकाशे मुळात एका मापाचे आहेत काय, हा प्रश्न विचारल्यावाचून पुढे जाणे धोक्याचे आहे.

पडद्यावर गटाची सीमा शेजारच्या विहिरीवरून गेलेली दिसते. काम करणारा तरुण घाईत असतो, वरून तगादा असतो. तो नकाशाचा तो थर धरतो आणि विहीर सुटेपर्यंत बाजूला सरकवितो. चित्र नीटनेटके होते. पण गावाच्या एका टोकाला जे जुळले ते दुसऱ्या टोकाला सुटलेले असते, आणि मूळ चूक किती होती व कोणत्या दिशेला होती याचा पुरावाही त्याच क्षणी पुसला जातो. पुढे तीच प्रत दुसऱ्या खात्याकडे जाते आणि तेथे तिला प्रमाण मानले जाते. नकाशा न जुळणे हा दोष उघड तरी असतो. असा जुळविलेला नकाशा त्याहून वाईट.

आकड्याला संदर्भ नसेल तर आकडा काहीच सांगत नाही, हे मराठवाड्याच्या माणसाला निराळे समजावून द्यावयास नको. निजामी अमदानीतील कागदावर १३५७ हे साल दिसले की आपल्याकडील जुना कारकून ते फसली आहे हे ओळखतो आणि १९४७-४८ सालचा, म्हणजे हैदराबाद संस्थान विलीन होण्याच्या सुमाराचा, कागद म्हणून तो वाचतो. तोच आकडा कोणी इसवी सन समजला, तर तो कागद पहिल्या बहमनी सुलतानाच्या काळात जाऊन पडेल. कागद खोटा नाही, आकडाही खोटा नाही. गणना कोणती, एवढेच ठाऊक नाही. नकाशातील अक्षांश-रेखांशांची अवस्था नेमकी अशी असते.

म्हणून सरक दिसताच पहिले काम ती मोजण्याचे. ती किती आहे यावरून कारणाचा माग पुष्कळदा लागतो. परभणी एकदम ओडिशातील नवरंगपूरच्या आसपास दिसू लागली, तर चूक पट्ट्याची असते. यूटीएम नावाच्या जगभर रूढ पद्धतीत पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे पाडलेले आहेत आणि ७८ अंश रेखांशाची रेषा महाराष्ट्रातूनच जाते. परभणी त्रेचाळिसाव्या पट्ट्यात, तर वर्धा व नागपूर चव्वेचाळिसाव्यात. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाचा जो आराखडा पुढे आला तो वर्धा जिल्ह्यातील पवनारपासून निघून परभणी जिल्ह्यातून जाणारा होता. म्हणजे एकाच रस्त्याचे नकाशे दोन पट्ट्यांत पडतात. अक्षांश व रेखांश यांची अदलाबदल झाली तर परभणी उत्तर ध्रुवाजवळ, स्वालबार्ड बेटांच्या समुद्रात जाते. अशा चुका हास्यास्पद असल्यामुळेच निरुपद्रवी असतात; त्या कोणाच्याही ध्यानात येतात आणि लगेच दुरुस्त होतात.

खरी काळजी लहान सरकेची आहे. सगळ्या खुणा एकाच दिशेला, जवळजवळ सारख्याच अंतराने, सुमारे दीडशे मीटर बाजूला गेलेल्या दिसल्या, तर तेथे दोन शतकांचा इतिहास आडवा आलेला असतो. विल्यम लॅम्बटन याने १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून भारताच्या महासर्वेक्षणास आरंभ केला आणि १८२३ मध्ये आपल्या विदर्भात, हिंगणघाट येथे, ते काम चालू असतानाच त्याचा देह पडला. त्याच्यामागून आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टने १८३० मध्ये पृथ्वीचा जो आकार गृहीत धरला तो भारतीय भूमीला चांगला लागू पडणारा होता, आणि भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे दीर्घकाळ त्यावरच उभे राहिले. आजची उपग्रहाधारित यंत्रणा, आणि म्हणून आपल्या खिशातील मोबाइलही, १९८४ साली ठरलेला डब्ल्यूजीएस ८४ हा जागतिक आकार मानते. भारताच्या २००५ च्या नकाशा धोरणाने नागरी वापराचे नकाशे या नव्या पायावर आणले. दोन्ही पाये आपापल्या जागी योग्य आहेत. मात्र एकाचे आकडे दुसऱ्याचे म्हणून वाचले की दीडशे मीटरांचा फरक पडतो.

येथे एक बारकावा आहे आणि तोच सर्वांत अधिक चुकतो. क्यूजीआयएससारख्या सॉफ्टवेअरमध्ये नकाशाचा संदर्भ कोणता हे सांगणे ही एक क्रिया आहे, आणि त्याचे आकडे दुसऱ्या संदर्भात रूपांतरित करणे ही अगदी वेगळी क्रिया आहे. फसली १३५७ पुढील ‘फसली’ खोडून ‘इसवी’ लिहिल्याने साल बदलत नाही. त्यासाठी हिशेब करावा लागतो. आधी मूळ संदर्भ खरा सांगावा आणि मग रूपांतर करावे, हा क्रम मोडला की दुरुस्तीच्या नावाखाली दुसरी चूक पहिलीवर चढते.

याच्याही पलीकडे एक सरक आहे, जिला कोणतेही गणित पुरे पडत नाही. आपले गावनकाशे साखळीने मोजून कागदावर काढलेले. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा, हे मापच त्या साखळीच्या काळातले. त्या नकाशांना अक्षांश-रेखांश कधी नव्हतेच. कागद वर्षानुवर्षे घड्यांत राहिला, आकसला, कडेला फाटला, आणि मग त्याचे संगणकीय चित्र घेतले गेले. अशा नकाशात सरक एकसारखी नसते. उत्तरेच्या बांधाला तीन मीटर, तर नाल्याकाठी बारा मीटर, असा प्रकार होतो. शिवाय त्याखाली ठेवलेले उपग्रहाचे चित्रही काही मीटर इकडेतिकडे असू शकते, आणि मोबाइलवर दिसणारे स्थानही. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे ‘काही मीटर’ किती मोठे असतात? दोनशे मीटर लांबीचा बांध पाच मीटर सरकला तर एक हजार चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे जमीन, एका नावाखालून दुसऱ्या नावाखाली गेलेली दिसते. पाव एकरासाठी या जिल्ह्यात भावाभावांचे बोलणे तुटते आणि दिवाणी दावे बापाकडून मुलाकडे वारशाने येतात, हे काय आम्ही सांगावयास हवे?

यावर उपाय एकच: जमिनीवर जाणे. तीन गावांच्या शिवा जेथे मिळतात तेथील दगड आणि जुन्या मोजणीतील टिकून राहिलेल्या निशाण्या शोधून काढाव्यात, त्यांची स्थाने भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कॉर्स केंद्रांच्या आधाराने रोव्हर यंत्रावर काही सेंटिमीटरांच्या अचूकतेने घ्यावीत, आणि गावनकाशा त्या खुणांना बांधावा. खुणा गावभर पसरलेल्या हव्यात. गावठाणातील चार जवळजवळच्या खुणांवर नकाशा बसविला तर शिवेकडची शेते लोंबकळतच राहतात. काम कष्टाचे आहे आणि उन्हातान्हात हिंडण्याचे आहे. ते कार्यालयात बसून होणार नाही.

कधी कधी न जुळणे ही चूकच नसते, तो काळाचा फरक असतो. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला. त्याआधीच्या परभणीच्या नकाशात वसमत आणि कळमनुरी असणारच. अशा नकाशाला ‘दुरुस्त’ करू पाहणाऱ्याने आधी त्यावरील वर्ष वाचावे.

शासनाकडे आमचे मागणे फार मोठे नाही. लोकांपुढे येणाऱ्या प्रत्येक जमीन-नकाशावर त्याचा संदर्भ, मूळ मोजणीचे वर्ष आणि संभाव्य चूक किती मीटरांची हे मराठीत छापलेले असावे. ज्या गावाचा नकाशा जमिनीवरील खुणांना अद्याप बांधलेला नाही त्यावर तसे ठळक लिहावे, आणि अशा नकाशाच्या भरवशावर कोणाचाही विमा दावा फेटाळू नये, अगर भूसंपादनाचे क्षेत्र ठरवू नये; तेथे प्रत्यक्ष मोजणीच व्हावी. थर सरकविला तर तो कोणी, कधी व किती सरकविला याची नोंद फेरफाराच्या नोंदीइतक्याच काटेकोरपणे राहावी. आणि मूळ टिपणे व १९५४-५५ ची खासरा पाहणी पत्रके संगणकीय प्रत निघाली म्हणून अडगळीत टाकू नयेत. उद्या वाद उभा राहिला तर न्यायालय तोच पिवळा कागद मागणार आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने तलाठी आणि भूकरमापक यांच्यासाठी या विषयाचे छोटे मराठी वर्ग सुरू केले, तर जिल्ह्याबाहेरील कंत्राटदाराने तयार करून दिलेला नकाशा तपासून पाहणारी माणसे येथेच तयार होतील. पुढील खरिपाच्या पाहणीपूर्वी यातील निदान पहिली गोष्ट, म्हणजे नकाशावर त्याचा संदर्भ छापण्याची, करण्यास शासनाला कोणती अडचण आहे, ते महसूल खात्याने जाहीर करावे.