नवा रस्ता पुन्हा का खोदतात? उत्तर अंदाजपत्रकात

पुण्यात डांबर टाकून महिना होत नाही तोच जलवाहिनीसाठी खोदाई, हे चित्र नवं नाही. आधी मलवाहिनी, जलवाहिनी, केबल आणि शेवटी रस्ता, हा क्रम कनिष्ठ अभियंत्यालाही पाठ असतो. अडतं ते पैशाशी. महापालिकेत पथ, पाणीपुरवठा, मलनिस्सारण या खात्यांच्या तरतुदी वेगळ्या, निविदाही वेगळ्या. रस्त्याचा निधी मार्चअखेर संपवायचा असतो. तोवर वाहिनीचं काम निघालेलं असेलच असं नाही.

समान पाणीपुरवठा योजनेसाठी पालिकेने जून २०१७ मध्ये २०० कोटींचे कर्जरोखे काढले, व्याजदर ७.५९ टक्के. म्हणजे वाहिनीचं व्याज पुणेकरांनीच भरायचं आणि वर दुसऱ्यांदा डांबरही त्यांच्याच पैशातून!

नागरिकांना कामं सुचवता येतात. सहभागी अंदाजपत्रकाची ही सोय २००६ पासून आहे. पण मर्यादा एका कामाला ५ लाखांची. तेवढ्यात पदपथ दुरुस्त होतो, बाक बसतो, दिवे लागतात. वाहिनी बदलत नाही.

तरतूद खात्यानुसार न करता रस्त्यानुसार व्हायला हवी. तोवर डांबरीकरण मागणाऱ्या अर्जात एक प्रश्न जरूर लिहावा: या रस्त्याखालची कामं पूर्ण झाली आहेत का?