किल्ली कोणाकडे?

आखाजीच्या आदल्या रात्री तालुक्याच्या एका रुग्णालयात आपल्याच एका प्रयोगशाळा तंत्रज्ञ भगिनीच्या बोटात सुई गेली. तिचे पत्र समोर आहे. वेळ रात्रीचे पावणेनऊ, सुई पोकळ, रक्ताने भरलेली, रुग्ण एचआयव्हीच्या एआरटी उपचारावर. तिने बोट पिळले नाही, तोंडात घातले नाही, स्पिरिटही ओतले नाही. साबण लावून नळाखाली धुतले. मग पीईपीचा, म्हणजे संसर्ग रोखणाऱ्या औषधाचा, पहिला डोस मागायला गेली. गोळ्या होत्या, कपाटात होत्या. किल्ली समुपदेशकाकडे आणि समुपदेशक सणाला गावी. शोधाशोध करून कोणीतरी फॉर्म तेवढा काढून दिला. त्यात रकाना: ‘स्रोत रुग्णाचा एचआयव्ही अहवाल जोडावा.’ रुग्णाचे एआरटीचे हिरवे पुस्तक टेबलावर पडलेले, तरी अहवाल हवाच! पहिली गोळी पोटात गेली दुसऱ्या दिवशी दुपारी सव्वाबाराला.

वर तिलाच ऐकवले, ‘७२ तासांच्या आत मिळाली ना?’ साहेब, ७२ तास ही शेवटची गाडी आहे. डोस शक्यतो दोन तासांत जावा, हे नॅकोचेच, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचेच, सांगणे. आधी गोळी, मग चौकशी, मग कागद. स्रोत रुग्णाची रॅपिड टेस्ट नॉन-रिअॅक्टिव्ह आली तरी विंडो पिरियड उरतोच, आणि चाचणीला त्याची संमती लागते ती वेगळीच. रुग्णाचा व्हायरल लोड दबलेला असेल तर धोका खूपच उतरतो, पण तो आकडा शोधायला रात्री नऊला कोण बसले आहे? गरज नाही असे ठरले तर २८ दिवसांचा कोर्स मधेच थांबवता येतो. वाया गेलेले तास कुठून आणायचे?

सुई टोचून एचआयव्ही होण्याची शक्यता हजारात तीन. हा आकडा ऐकून अधिकारी निवांत होतात. ज्याचे बोट असते त्याला त्या रात्री झोप लागत नाही.

२०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम १९ नुसार खबरदारीची साधने, प्रशिक्षण आणि पीईपी पुरवणे ही आरोग्यसंस्थेची जबाबदारी आहे. सरकारी असो की खासगी. शिरपूर-साक्रीच्या माणसाने रात्री गोळीसाठी धुळ्याला आणि रावेर-चोपड्याच्या माणसाने जळगावला धावायचे, तर दोन तासांतला निम्मा वेळ गाडी शोधण्यातच जातो. अपघात विभागाच्या ट्रेमध्ये, अॅड्रिनॅलिनशेजारी पीईपीच्या, म्हणजे टीएलडीच्या, चार गोळ्या ठेवायला कोणता जीआर आडवा येतो?

आता आपल्या घरचे. दोन्ही हातांनी सुईला टोपण लावणारे आपल्यात अजून आहेत, आणि वीस वर्षांच्या अनुभवाची फुशारकी तेच मारतात. पांढरा शार्प्सचा डबा तीन चतुर्थांश भरला की सील करायचा. काही लॅबमध्ये तो उतू जाईतो वापरतात आणि वरची सुई बोटाने आत ढकलतात. हातमोजा ‘शीर सापडत नाही’ म्हणून काढतात. हिपॅटायटिस बी सुईतून एचआयव्हीपेक्षा कितीतरी सहज शिरतो, त्याची लस आहे, तरी तिसरा डोस आणि टायटर कित्येकांचे राहिलेलेच. सुई टोचली तर लपवायची, कारण मालक ओरडतो. रुग्णाच्या केसपेपरवर मात्र लाल शाईने ‘पॉझिटिव्ह’ लिहून ठेवायचे! त्याने आपले बोट वाचत नाही. रुग्णाची गुप्तता मोडते आणि कायदाही. खबरदारी घ्यायची ती प्रत्येक नमुन्याला सारखीच.

तेव्हा आजच ड्युटी संपायच्या आत विचारा: पहिला डोस कुठे आहे, रविवारी रात्री किल्ली कोणाकडे असते? उत्तर मिळाले नाही तर कलम १९ चा उल्लेख करून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोचेची प्रत आमच्याकडे पाठवा. नाव छापणार नाही. तालुका मात्र छापू.