आजीला घेऊन मॉरिशसला, पण कधी?

मुलांनो, या आठवड्याच्या टपालात कर्जतच्या दहिवलीहून एक पत्र आलंय. सातवीतल्या एका मुलीचं. ती लिहिते, "काका, आम्ही घरातली पाचही जणं मॉरिशसला जाणार आहोत. आजी म्हणते, जन्मात एकदाच विमानात बसायचं तर लांब कुठंतरी जाऊन येऊ. त्यासाठी तिनं तिच्या पाटल्या मोडल्या. बाबा म्हणतात मे महिन्यात जाऊ, आई म्हणते दिवाळीत, आणि बाबांच्या ओळखीच्या एकांनी फेब्रुवारीतली स्वस्त सहल सुचवलीय. घरात रोज वाद चाललाय. तुम्हीच सांगा."

आजीच्या पाटल्या म्हटल्यावर मी जरा सावरूनच बसलो. इथं चुकून चालायचं नाही. तेव्हा आधी पृथ्वीचा गोल काढा पाहू. शाळेत असेलच कपाटावर धूळ खात.

आपलं कर्जत विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण १९ अंशांवर. मॉरिशस दक्षिणेला साधारण २० अंशांवर. म्हणजे विषुववृत्तावर आरसा उभा धरला, तर ते बेट जवळजवळ आपलंच प्रतिबिंब! म्हणून ऋतूही उलटे. दहिवलीत मे महिन्यात पंख्याखाली घामाच्या धारा लागतात, तेव्हा तिथं हिवाळ्याची चाहूल लागलेली असते. नोव्हेंबर ते एप्रिल त्यांचा उन्हाळा, जून ते सप्टेंबर हिवाळा आणि मे व ऑक्टोबर हे मधले महिने.

आणि गंमत ऐका. तिथं पाऊस उन्हाळ्यात पडतो, हिवाळा असतो कोरडा. वर्षाला सरासरी २०१० मिलिमीटर पावसापैकी दोन तृतीयांश पाऊस त्या नोव्हेंबर ते एप्रिलच्या सहा महिन्यांतच पडून जातो. सगळ्यांत कोरडा महिना ऑक्टोबर. पण 'कोरडा' म्हणजे आपल्यासारखा नव्हे हं. आपल्याकडे दिवाळीनंतर आभाळ जे कुलूप लावतं, ते थेट जूनमध्ये उघडतं. तिथं हिवाळ्यातही एखादी सर येते, पाच-दहा मिनिटं भिजवते आणि जाते. छत्री न्यायचीच.

आता ती फेब्रुवारीची स्वस्त सहल. स्वस्त का, हे मला विचारा! काही वर्षांपूर्वी मीही असाच फसलो होतो. "तिथं काय, बारा महिने छान असतं," असं सांगून एकांनी मला फेब्रुवारीत पाठवलं. पहिले दोन दिवस झकास गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलातला मुलगा खिडक्यांना फळ्या ठोकताना दिसला. चक्रीवादळाचा इशारा! तिथं इशाऱ्याच्या चढत्या पायऱ्या असतात, एक ते चार. इशारा वाढत गेला तसे रस्ते ओस पडले, दुकानं बंद झाली, आणि आम्ही दोन दिवस खोलीत बसून पत्ते कुटले. वादळ बाजूनं निघून गेलं म्हणून नशीब. होडीच्या सफरीचे भरलेले पैसे बुडाले ते बुडालेच.

नैऋत्य हिंदी महासागरातला वादळांचा मोसम साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून सुरू होतो आणि मॉरिशसपुरता १५ मेपर्यंत धरतात. सगळ्यांत जोर जानेवारी ते मार्च. १९६० सालच्या फेब्रुवारीतल्या 'कॅरोल' वादळाची आठवण तिथले म्हातारे लोक अजून काढतात. २०२४च्या जानेवारीत 'बेलाल' आलं, तेव्हा राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहत गेल्या. दरवर्षी वादळ बेटावर आदळतंच असं नाही. पण पाटल्या मोडून जाणाऱ्यानं ही पैज का लावावी? तेव्हा फेब्रुवारीवर काट मारा.

उरले मे आणि दिवाळी. पत्रात पुढं एक वाक्य आहे, ते वाचून मला हसू आलं आणि जरा पोटात कालवलंही. "आमची भातशेती आहे, त्यामुळे बाबांना कधीही सुट्टी नसते." बघा, मॉरिशसचे कोरडे महिने नेमके आपल्या शेतीचे! जूनमध्ये पेरणी, जुलैत लावणी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी आणि झोडणी. ऑक्टोबरात तिथं हवा सगळ्यांत छान, पण पिकलेलं भात शेतात उभं टाकून बाबा समुद्रात डुंबतील का? परतीचा पाऊस आला तर? आईची दिवाळी तशी वाईट नाही. दिवाळीला मॉरिशसमध्येही सार्वजनिक सुट्टी असते आणि घरोघरी पणत्या लागतात. पण दिवाळीच्या सुमारास दहिवलीतली कापणी आटोपलेली असेलच, हे कुणी सांगावं!

म्हणून माझं मत बाबांच्या बाजूनं, फक्त मेच्या शेवटच्या आठवड्याला. तोवर वादळांचा मोसम संपलेला असतो, समुद्राचं पाणी अजून कोमट असतं आणि शाळेला सुट्टी असते. जूनच्या पहिल्या दोन-चार दिवसांत परत आलात की बाबा पेरणीला मोकळे. जुलै-ऑगस्टमध्ये हवा आणखी थंड होते, रात्री किनाऱ्यावरही पारा १६-१७ अंशांपर्यंत उतरतो, वारा बोचतो आणि पाणी गारसर होतं. आजीला ते मानवणार नाही.

राहायचं कुठं, हेही महिन्याइतकंच महत्त्वाचं. इथं तुमचा भूगोल उपयोगी पडेल. नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीला धडकतात, म्हणून पायथ्याच्या कर्जतला धो धो पाऊस पडतो आणि घाट चढून पुढं पूर्वेकडे गेलं की माणसं आभाळाकडे डोळे लावून बसतात. मॉरिशसमध्येही तेच, फक्त दिशा उलटी. तिथं वारे आग्नेयेकडून येतात. बेटाच्या मधोमध उंच पठार आहे. वारे पूर्व किनाऱ्यावरून चढतात, पठारावर पाऊस टाकतात आणि पश्चिमेला पोहोचेपर्यंत रिकामे होतात. पठारावर काही ठिकाणी वर्षाला ४००० मिलिमीटरपर्यंत पाऊस पडतो आणि पश्चिम किनाऱ्यावर हजारसुद्धा नाही. थंडीच्या महिन्यांत वारा पूर्वेलाच जास्त झोंबतो. तेव्हा मुक्काम पश्चिमेला, फ्लिक-आँ-फ्लाकच्या बाजूला करा. तिथं प्रवाळाच्या रांगेनं मोठ्या लाटा बाहेरच अडतात आणि आतलं पाणी तळ्यासारखं शांत असतं. आजीला गुडघाभर पाण्यात बिनधास्त उभं करा. पण पायात रबरी चपला हव्यातच, तळाला प्रवाळाचे टोकदार तुकडे आणि समुद्री साळिंदरं असतात.

पठारावरच्या क्युरपीप गावाला जायचं असेल तर स्वेटर बरोबर घ्या. आणि मे-जूनमध्ये तिथं पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, हे विसरू नका. "संध्याकाळी निवांत जाऊ" म्हणाल तर अंधारच बघाल. सकाळी लवकर निघायची सवय कर्जत लोकलच्या माणसांना सांगायला नको.

आता आजीसाठी एक खास गोष्ट. बिहारकडची जुनी माणसं मॉरिशसला 'मिरिच देश' म्हणत. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलास' जहाजातून ३६ हिंदी मजूर पोर्ट लुईला उतरले. ते कलकत्त्याहून गेले होते. गुलामगिरी बंद झाल्यानं उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती, म्हणून करार करून मजूर नेत. पुढं मुंबई बंदरातूनही जहाजं निघाली. त्यांत रत्नागिरी आणि तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आत्ताच्या रायगड जिल्ह्यातली माणसं होती. सगळे मिळून साडेचार लाखांच्या वर मजूर त्या बेटावर उतरले. ज्या जागी ते उतरत, तिथल्या दगडी पायऱ्या अजून आहेत. त्या जागेला 'आप्रवासी घाट' म्हणतात, २००६ पासून तो जागतिक वारसा आहे. सोळाच पायऱ्या. दोन मिनिटांत चढून होतात. पण आजीला तिथं जरा वेळ बसू द्या.

त्या माणसांचे पणतू-खापरपणतू आज तिथं आहेत. नोंद करणारा कारकून मजुराचं नाव विचारी आणि लिही, त्यामुळे पणजोबांचं नुसतं नावच आडनाव होऊन बसलं. म्हणून तिथं 'भिवाजी' हे आडनाव सापडतं! शाळेत मराठी शिकता येतं. गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. आँरिएता गावातल्या एका मराठी घरात १८९६ सालापासून गणपती बसतो. गणपतीपुढं तिथले मराठी लोक जो नाच करतात, त्याला म्हणतात 'झाकरी'. ओळखलंत? आपल्या कोकणातला जाखडी नाच!

मग गणपतीतच जाऊ या, असं तुम्ही म्हणाल. ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे कोरडा मोसमही. पण घरचा गणपती सोडून परदेशी जायला आजी कबूल होईल का, हे मी कशाला सांगू! मेमध्ये गेलात तर झाकरी दिसणार नाही, हे मान्य. पण कास्काव्हेलसारख्या मराठी वस्तीच्या गावात आजीनं दोन शब्द बोलून पाहावेत. घरात आता बहुतेक जण क्रिओल बोलतात, वर्तमानपत्रं फ्रेंच आणि संसदेचं कामकाज इंग्रजीत. तरी म्हाताऱ्या माणसांना आपलं मराठी कळेल.

खाण्याची चिंता नको. रस्त्यावर 'ढोल पुरी' मिळते, म्हणजे डाळीचं सारण भरलेली मऊ पोळी. 'फराता' म्हणजे पराठा, 'आलुदा' म्हणजे फालुद्याचा भाऊ. आणि 'गातो पिमा' हे भारी नाव ऐकून घाबरू नका, तो आपला डाळीचा वडाच. कर्जत स्टेशनच्या वडापावाची सर नाही, पण चालतो.

कागदपत्रांचं काम मात्र आत्ताच सुरू करा. तुझा पासपोर्ट पाच वर्षांचाच निघेल, अर्जाबरोबर आई-बाबा दोघांची संमती लागेल. आजीचं नाव आधार कार्डावर एक आणि पॅन कार्डावर दुसरं, असं बहुतेक आज्यांच्या बाबतीत असतं. कुठं 'बाई' लागलेलं, कुठं गळालेलं. ते आधी एकसारखं करून घ्या, त्यालाच महिने जातात. फिरायला जाणाऱ्या भारतीयांना आगाऊ व्हिसा लागत नाही, पण परतीचं तिकीट आणि राहण्याच्या जागेचा कागद विमानतळावर मागतात. हे नियम बदलतात, तिकीट काढण्याआधी बाबांनी पुन्हा एकदा तपासावेत. आजीच्या गोळ्यांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा. मे महिना म्हणून हापूसची पेटी मात्र नेऊ नका, फळं आणि रोपं परवान्याशिवाय तिथं आत घेत नाहीत. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवरही २०१६ पासून बंदी आहे, कापडी पिशवी घ्या.

मुंबईहून विमान सहा-साडेसहा तासांत पोहोचतं. उतरल्यावर घड्याळ दीड तास मागं करायचं. तिथंही रुपयाच चालतो, पण तो आपल्या रुपयापेक्षा महाग, हिशेब करताना गफलत करू नका.

आणि जाणारे-न जाणारे सगळेच, हा प्रयोग करा. मेच्या मध्यावर कर्जतला भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली नाहीशी होते. आपल्या मैत्रिणीनं त्यानंतर दहा-बारा दिवसांनी मॉरिशसच्या वाळूत एक मीटरची काठी भर दुपारी उभी करावी. सावली दक्षिणेला पडेल आणि पंच्याऐंशी सेंटीमीटरांहून थोडी लांब भरेल. रात्री आजीला ध्रुवतारा दाखवायला जाऊ नकोस, तो तिथून दिसतच नाही. त्याऐवजी दक्षिणेकडे बघा. दहिवलीहून क्षितिजालगत जेमतेम दिसणारा त्रिशंकू तिथं चांगला वर आलेला असेल.

सावलीचं माप पत्रानं कळव. आणि आजीनं विमानात खिडकीची जागा सोडली का, तेही.