सुजेवर मालीश नको!

मूल खेळता खेळता पडले, कोपर सुजले, की आपल्या वस्तीत पहिली धाव दवाखान्याकडे नसते, तेलाच्या वाटीकडे असते. कुणी चोळून देतो, कुणी ओढून बसवतो. हेतू चांगलाच असतो. परंतु मार लागलेले कोपर जोराने चोळल्यास तिथल्या स्नायूतच हाड तयार होऊ शकते आणि हात वाकेनासा होतो. म्हणून आमचे सांगणे असे की, हात झोळीत बांधा, सरकारी इस्पितळ गाठा आणि एक्स-रे काढून घ्या.

याहून भयंकर असा एक जन्मजात आजार आहे. डॉक्टर त्याला एफ. ओ. पी. म्हणतात. दहा-वीस लाखांत एखाद्यालाच तो होतो. लहानपणीच मानेवर, पाठीवर गाठी येतात, कधी काही न लागताही येतात. मग स्नायूंचे हाड बनते व एकेक सांधा जखडतो. अमेरिकेतील हॅरी ईस्टलॅक १९७३ साली चाळिशीच्या आतच वारले, तेव्हा त्यांना फक्त ओठ हलवता येत होते. त्यांनी अभ्यासासाठी दिलेला स्वतःचा सांगाडा फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयात आहे.

२००६ साली शास्त्रज्ञांनी कारण शोधले. एका जनुकात बिघाड होतो आणि बहुधा तो आईबापांत नसतो, मुलातच नव्याने होतो. तेव्हा ही करणी नव्हे, मागल्या जन्मीचे पाप नव्हे. सुनेला बोल लावणाऱ्यांनी हे नीट ऐकावे.

मातांनो, बाळाचे पाय पाहा. या आजारात पायांचे अंगठे जन्मतःच आखूड व बाकीच्या बोटांकडे वळलेले असतात. अशा बाळाच्या अंगावर गाठ आली तर ती चोळू नका. कॅन्सरची शंका घेऊन कुणी तुकडा काढू म्हणाले, तर आधी अंगठे दाखवा. गाठ कापल्याने किंवा स्नायूत इंजेक्शन दिल्याने हाड आणखी वाढते. रक्तावरून जनुकाची तपासणी होते. इतर मुलांच्या लसी मात्र चुकवू नका.

२०२३ साली अमेरिकेत एका औषधाला मान्यता मिळाली. त्याने नवे हाड कमी बनते, रोग मात्र बरा होत नाही. म्हणून वेळीच ओळखणे आणि न चोळणे, एवढे तरी आपल्या हाती आहे. हे शेजारणीलाही सांगा, ही विनंती.