लिफ्ट नंतर घ्या, आधी डायल गेज घ्या

मागच्या बॅचमध्ये एका पोराने विचारलं, "सर, जुन्या फोर-बाय-फोर जीपचं गॅरेज टाकायचंय. जिल्हा उद्योग केंद्रात लोनची फाईल टाकू का?" मी त्याला उलट विचारलं, स्वतःच्या गाडीचा डिफरन्शियल घरी उघडून परत बसवलाय का कधी? म्हणे, "उघडलाय ना सर!" बसवण्याचं काही बोलला नाही.

माझं असोद्यात स्पेअर पार्टचं दुकान आहे. क्राऊन-पिनियनचा सेट एकाच गिऱ्हाईकाला दोनदा विकला तर फायदा माझाच आहे. तरी सांगतो.

आपल्या बैलगाडीची दोन्ही चाकं आसावर मोकळी फिरतात, म्हणून वळताना भांडण नाही. इंजिनाने दोन्ही चाकं फिरवायची म्हटली की वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं. तो हिशोब डिफरन्शियल सांभाळतो. फोर-बाय-फोरला असे दोन, पुढे आणि मागे. दोघांचा रेशो सारखाच हवा. जुन्या विलीज पद्धतीच्या जीपमध्ये क्राऊनला ४३ दात आणि पिनियनला ८, म्हणजे ५.३८ हा रेशो सापडतो. भंगारातून दुसराच सेट आणून एका बाजूला टाकला, तर डांबरी रस्त्यावर फोर-बाय-फोर लावताच पुढची-मागची चाकं एकमेकांशी झुंजतात.

आता माझी चूक ऐका. माझ्या एमएम ५४० चा मागचा डिफरन्शियल मी अंगणात उघडला. बेअरिंग गेलं होतं, दातही खराब. नवा सेट टाकला, टेपर बेअरिंग टाकले, सील टाकलं. शिम मात्र जुनेच ठेवले आणि काहीच मोजलं नाही. हाताने हलवून पाहिलं, "बसलं!" म्हटलं. भुसावळला जाऊन येईपर्यंत गाडी रडायला लागली. तीन आठवड्यांत नव्या सेटचे दात खाल्ले. मजुरी वाचवायला गेलो आणि सेट घालवला. बीबीएमध्ये कॉस्टिंग शिकलो होतो, बरं का!

खोलणं कुणालाही जमतं. काम आहे ते मोजण्याचं. पिनियन किती आत बसला, त्याच्या बेअरिंगवर किती प्रीलोड आहे, क्राऊनच्या दोन्ही बाजूंच्या बेअरिंगवर किती आहे, आणि दातांमधला बॅकलॅश किती. पिनियन धरून ठेवायचा, डायल गेजचं टोक क्राऊनच्या दातावर टेकवायचं, क्राऊन मागे-पुढे हलवायचा. साधारण मिलिमीटरचा दहावा ते पाचवा हिस्सा येतो, पण आकडा मॅन्युअलचाच धरा. एक शिम बदलला की बाकीची मापं पुन्हा घ्यायची. मग दातांना प्रुशियन ब्लू लावून फिरवा. ठसा दाताच्या मध्यावर आला पाहिजे. कडेला आला तर परत खोला, कंटाळू नका. पिनियनचा प्रीलोड दोरी गुंडाळून स्प्रिंग काट्यानेही मोजता येतो.

खोलण्याआधी बेअरिंग कॅपवर पंचने डावी-उजवी खूण करा, त्यांची अदलाबदल चालत नाही. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, स्टँड लावा. तेल मॅन्युअल सांगेल तेच. हायपॉइड दातांना जीएल-५ लागतं. पण तेच गिअरबॉक्समध्ये ओतू नका, काही जीएल-५ तेलं सिंक्रोच्या पितळी रिंगा खातात.

माझं मत असं आहे की लोन घेण्याआधी हे काम स्वतःच्या गाडीवर एकदा पूर्ण करा. पहिल्या वेळी चार दिवस लागले तरी लागू द्या. गिऱ्हाईकाच्या गाडीवर शिकलात तर नाव गावभर होतं, आणि आपल्याकडे गाव केवढं! लिफ्ट, बोर्ड, केबिन नंतर. तसंही खेड्यात जुन्या जीप किती उरल्या? ट्रॅक्टर मात्र गल्लोगल्ली आहेत. क्राऊन-पिनियन त्यालाही असतो, बॅकलॅश त्याचाही मोजावा लागतो. रोजचं काम तिकडून येईल. बिलावर सेटिंगची मजुरी वेगळी लिहा, सोबत बॅकलॅशचं रीडिंगही लिहा. घासाघीस करणाराही मग आकडा बघून जरा थांबतो.

त्या पोराने अजून फाईल टाकलेली नाही. मागच्या रविवारी माझा डायल गेज घेऊन गेलाय. तुम्हालाही दोन दिवस मिळेल, डिपॉझिट ठेवून. उधारीवर नाही.