कोर्डोबात मुलांना काय दाखवायचे?

स्पेनला गेलेली आपली मंडळी कोर्डोबाची मशीद बघतात आणि मुलांसमोर हळहळतात, ‘हे सगळे आपले होते!’ सहा-सात वर्षांच्या लेकराने या वाक्याचे करायचे काय? वारसा म्हणून आपण त्याच्या हातात फक्त तक्रार देतो.

त्यापेक्षा खांब मोजू द्या. साडेआठशेच्या आसपास आहेत, मोजताना चुकणारच. आठव्या शतकात पहिल्या अब्दुर रहमानने बांधकाम सुरू केले, तेव्हा बरेच खांब जुन्या रोमन आणि व्हिसिगॉथ इमारतींतून आणले. ते आखूड पडले म्हणून कमानीवर कमान चढवली. लाल वीट, पांढरा दगड, पुन्हा लाल वीट. एवढे कळले तरी ‘आपले’ या शब्दात किती जणांचे हात आहेत हे मुलाला दिसते.

1236 मध्ये शहर कॅस्टिलच्या राजाकडे गेले, मशिदीचे चर्च झाले. सोळाव्या शतकात मधोमध कॅथेड्रल उभारले. तेही दाखवा. आज तिथे नमाजची परवानगी नाही. मूल ‘का?’ विचारेल. खरे ते सांगा, वाईट वाटते हेही सांगा, पण द्वेष कालवू नका.

तासाभरात मुले कंटाळतात. मग संत्र्याच्या झाडांचे अंगण आहे, पुढे नदीवरचा रोमन पूल. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा दुपारी सरळ झोपवा. मदीना अझ-झहराचे अवशेष शहराबाहेर आहेत. ते त्याच दिवशी उरकायचा हट्ट नको.