'काही घडतच नाही' म्हणणाऱ्यांसाठी

कुणाला संथ फँटसी वाचायला सुचवली की तीन-चार दिवसांत ठरलेला मेसेज येतो : "शंभर पानं झाली, काही घडतच नाही रे." ही तक्रार मला आता पुस्तकाबद्दलची वाटतच नाही. 'घडणं' म्हणजे काय, याबद्दलची आपली समजूत किती आखूड झाली आहे, ते त्यातून कळतं.

कॅथरीन ॲडिसनची 'द गॉब्लिन एम्परर' घ्या. (ॲडिसन हे सारा मोनेट या लेखिकेचं टोपणनाव.) कादंबरी २०१४ ची, पुढच्या वर्षी तिला फँटसीसाठीचं लोकस पारितोषिक मिळालं. एल्फ सम्राटाचा नावडता, अर्धा गॉब्लिन असलेला धाकटा मुलगा माइया दूर कुठेतरी हद्दपारीत वाढतो, तेही सेथेरिस नावाच्या मारकुट्या पालकाच्या हाताखाली. हवाईजहाज कोसळून बाप आणि तिन्ही थोरले भाऊ मरतात आणि अठराव्या वर्षी हा सम्राट होतो. पुढे कळतं की तो अपघात नव्हता. मग त्याला गादीवरून उतरवण्याचा कट होतो, भर समारंभात त्याच्यावर हल्ला होतो. आता सांगा, काय घडत नाही?

तक्रार खरी वेगळीच आहे. या सगळ्याला ॲडिसन मोजकी पानं देते. बाकीची पानं जातात भेटीगाठी, पत्रं, जेवणावळी आणि कुणी कुणाला आधी मुजरा करायचा यात. मला विचाराल तर कादंबरी तिथेच आहे. जहाजावर सम्राटाबरोबर नोकरचाकर आणि खलाशीही मेले. त्यांचा अंत्यविधी एका साध्या देवळात होतो आणि माइया तिथे जातो. सम्राटाने जाण्याची रीत नाही. तो जातो, उभा राहतो, परततो. तलवार उपसली जात नाही, पण हे राज्य आता बापाचं राहिलेलं नाही हे तिथे कळतं. तुमच्या हिशेबात ही घटना नसेल तर हिशेब तपासा.

मराठी वाचकाला तर यात आणखी एक सोय आहे. या दरबारात माणसं औपचारिक बोलताना स्वतःला 'आम्ही' म्हणतात आणि जवळिकीत 'मी-तू'वर येतात. इंग्रजी वाचकाला जुनी सर्वनामं उकरून हा फरक शिकवावा लागतो. आपण रोज तू, तुम्ही, आपण यांतून वाट काढत जगतो. नव्या सासरी किंवा नव्या ऑफिसात पहिलं 'अरे' कधी निघालं, हे आपल्याला वर्षानुवर्षं आठवतं. म्हणून अंगरक्षक जेव्हा माइयाला सांगतो की आम्ही तुमचे मित्र होऊ शकत नाही, तेव्हा तो प्रसंग इतर कुठल्याही मारामारीइतकाच लागतो.

घड्याळजींनी नदीवरच्या पुलाचं चालतं मॉडेल दरबारात आणून दाखवायचा प्रसंगही असाच. डेमो देणं-बघणं हा माझा रोजचा धंदा आहे, त्यामुळे सांगतो : समोरचा खरंच समजून घ्यायला प्रश्न विचारतोय, असं फार क्वचित होतं. इथे सम्राट विचारतो. पूल होणार की नाही यापेक्षा मला तो प्रश्न विचारणारा पोरगा महत्त्वाचा वाटला.

दुप्पट वेगाने ऑडिओबुक ऐकणाऱ्यांशी माझं भांडण आहेच. पण त्याहून जास्त आहे ते अशा पुस्तकांना 'कोझी' म्हणून कुरवाळणाऱ्यांशी. कोझी कसलं? सत्ता हाती आल्यावर आपण सेथेरिसला चिरडू शकतो, हे माइयाला पक्कं ठाऊक असतं. तो सूड घेत नाही. त्याला नेमणूक देऊन डोळ्यांसमोरून दूर पाठवतो. माफीही नाही, मिठीही नाही. मार खाल्लेल्या माणसाने मारायचं टाळणं किती अवघड आहे हे कळायला आधी त्याच्यासोबत तेवढे कंटाळवाणे दिवस काढावेच लागतात. गोषवारा वाचून 'तो दयाळू आहे' एवढंच हाती येतं.

नावं मात्र छळतात. एकाच घराण्यातल्या स्त्री-पुरुषांच्या आडनावांचे शेवट वेगळे, त्यात पदव्या निराळ्या. मी शेवटी एक कागद घेऊन वंशावळ काढली. त्याबद्दल कितीही तक्रार करा, ऐकून घेईन.